मायले माया पाह्यल्याबरोबर येते म्हणे!

काल शेजारच्या बाळंतिणीला पाह्यला गेली होती. पहिलंच लेकरू, पोरगी बाजेवर बसून नुसती रडत होती अन् भोवतालच्या बाया सुरूच, "कशी माय हायेस वो तू, लेकराकडं पाह्यत बी नाहीस." मी तिथं गप्प बसली, त्याचंच वाईट वाटून राह्यलं म्हणून इथं लिहिते.

माझा मोठा झाला तेव्हा १ किलो ७०० ग्रॅमचा होता. त्याला काचेच्या पेटीत ठेवला अन् मी सिझरचे टाके सांभाळत दुसऱ्या वॉर्डात. तिसऱ्या दिवशी दाखवला तर खरं सांगते, काहीच वाटलं नाही. लालभडक, सुरकुतलेला, नाकात नळी. मनात आलं, हे कोणाचं होय बापा! ही गोष्ट मी नवऱ्यालाही कितीतरी वर्षं सांगितली नाही.

मग एका सिस्टरनं त्याला नुसत्या लंगोटावर, डोक्यात टोपी घालून माझ्या उघड्या छातीवर उभा ठेवला अन् वरून फडक्यानं बांधला. कांगारू मदर केअर म्हणतात त्याला. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात हे सुरू झालं, कारण तिथं पेट्याच पुरत नव्हत्या. २०२१ मध्ये भारतासकट पाच देशांतला अभ्यास छापून आला, कमी वजनाचं लेकरू सुधारायची वाट न पाहता जन्मल्याबरोबर छातीशी धरलं तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं, मला फक्त घाम येत होता अन् टाके ओढत होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाहेर कोणाची तरी बादली पडली, तो दचकला, मी सहज "काही नाही रे, काही नाही" म्हटलं अन् तो लगेच शांत झाला, गळ्याखाली त्याचा इवलासा श्वास लागत होता. तिथून सुरू झालं आमचं.

लेकरू मायचा आवाज पोटातच ऐकून येते, वासही चार-सहा दिवसांत ओळखते. त्याची ओळख आधीच झाली असते हो, वेळ आपल्यालाच लागते.

अन् वेळच तर मिळत नाही. नोकरीवालीला २०१७ पासून २६ आठवडे पगारी रजा, चांगलंच आहे. पण कापूस वेचणारी दीड महिन्यात वावरात, लेकरू धुऱ्यावरच्या निंबाला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत, दूध पाजायला उठली की तेवढे किलो कमी भरतात. पहिले सव्वा महिना विटाळ पाळत, तो मला पटत नाही, पण त्या निमित्तानं बाईला बाज तरी मिळे.

आपल्या गडचिरोलीत बंग डॉक्टरांनी गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात लेकरं सांभाळली, हजारी ६२ मरत होती ती तीनेक वर्षांत २५ च्या घरात आली. आता आशाताई ४२ दिवसांपर्यंत घरी येते, वजन करते, ताप पाह्यते. पण तुले कसं वाटते वो, हे त्या पोरीला घरातल्यांनी तरी विचारा ना! पहिले आठ-दहा दिवस रडू येतेच, दोन आठवड्यांच्या वर गेलं तर डॉक्टरला दाखवा, देवऋषाकडं नेऊ नका.

आज दुपारी परत जाते तिच्याकडं. बायांना ओसरीत चहाला बसवते अन् लेकरू तिच्या उरावर ठेवून मी दाराशी बसते.