रंगांच्या अर्थांचा तक्ता बाजूला ठेवा

लाल म्हणजे प्रेम, निळा म्हणजे शांती, पांढरा म्हणजे पावित्र्य, काळा म्हणजे शोक. हा तक्ता दर थोड्या दिवसांनी नव्याने फिरतो आणि त्याखाली 'खूप छान माहिती' अशा प्रतिक्रियांची रांग लागते. माझा या तक्त्यावर राग आहे, आणि तो का आहे हे सविस्तर लिहायला हवं. हा तक्ता पाठ असलेला माणूस चित्रासमोर उभा राहतो, लाल दिसला की मनात 'प्रेम' अशी नोंद करतो आणि पुढच्या चित्राकडे सरकतो. लाल कोणता, कशावर, किती जागेत, कुणाच्या शेजारी, यातलं काहीच तो बघत नाही. अर्थ मात्र नेमका तिथेच असतो.

तक्ताच हवा असेल तर एक फार जुना आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने आठ रसांना आठ रंग दिलेत. शृंगार श्याम, हास्य पांढरा, करुण कपोत म्हणजे पारव्याच्या अंगासारखा राखाडी, रौद्र लाल, वीर गौर, भयानक काळा, बीभत्स निळा आणि अद्भुत पिवळा. आता हे फिरत्या तक्त्याशी ताडून बघा. प्रेम सावळं आहे, लाल रागाकडे गेलाय, शोक राखाडी आहे, काळा भीतीचा आहे आणि 'शांत' निळा चक्क किळसेच्या वाट्याला आलाय. मग कोणता तक्ता खरा? हा प्रश्नच चुकीचा आहे. भरताचे आठ रंग एकमेकांना धरून उभे आहेत. आठांपैकी एक सुटा काढून दुसरीकडे चिकटवला की तो काहीच सांगत नाही.

त्यातला 'गौर' बघा. आपण सहज 'गोरा' म्हणून वाचतो आणि वीररस पांढरट समजतो. पण त्याच ग्रंथात आहार्याभिनयाच्या, म्हणजे वेश आणि रंगभूषेच्या, अध्यायात रंगभूषेसाठी रंग कसे मिसळायचे ते दिलंय आणि तिथे गौर म्हणजे लाल आणि पिवळ्याचं मिश्रण. म्हणजे वीर उबदार, सोनेरी झाकेचा आहे. याच्या उलट, संस्कृत काव्यात कवींचे ठरलेले संकेत असतात. राजशेखर या संस्कृत कवी आणि काव्यशास्त्रकाराने 'काव्यमीमांसे'त त्यांची यादी केली आहे. तिथे शुक्ल आणि गौर एकच मानायची मुभा आहे. तशीच कृष्ण आणि नील, कृष्ण आणि हरित, कृष्ण आणि श्याम, पीत आणि रक्त यांनाही. शब्द तोच, पण रंगपटात त्याचा अर्थ वेगळा आणि श्लोकात वेगळा. हे ठाऊक नसलं की भाषांतरात नायिकेचे केस 'निळे' होतात. कवीला काळेभोरच म्हणायचे असतात.

आहार्याच्या त्या अध्यायातलं प्रमाण मला फार आवडतं. कारण ते लिहिणाऱ्याचे हात रंगात बुडालेले होते हे कळतं. दोन रंग मिसळताना जोरकस रंगाचा 1 भाग घ्या, दुबळ्याचे 2. निळा मात्र अपवाद. निळ्याचा 1 भाग असेल तर दुसऱ्याचे 4 घ्या, कारण सगळ्या रंगांत निळा बलवान. आजच्या ट्यूबमधला प्रशियन ब्लू किंवा थॅलो ब्लू वापरणाऱ्या कुणालाही विचारा. हिरवा करायला निळ्यात पिवळा घालत बसलात तर अर्धी पिवळ्याची ट्यूब संपते आणि तरी हिरवा काळपटच राहतो. पिवळा आधी घ्यायचा आणि ब्रशच्या टोकावर येईल एवढाच निळा त्यात थोडा थोडा सोडायचा.

शेजाराचं म्हणतो, त्याचा पुरावा रसायनशास्त्रातून आला. पॅरिसच्या गोबलँ या सरकारी टॅपेस्ट्री-कारखान्यात (भिंतीवर टांगायची चित्रं तिथे धाग्यांनी विणत) रंगाईचं काम बघणाऱ्या शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे तक्रार आली की काळ्या धाग्याला दम नाही, तो फिका दिसतो. त्याने धागा इतर ठिकाणच्या काळ्या धाग्यांशी ताडून पाहिला. धाग्यात खोट नव्हती. तो निळ्या आणि जांभळ्या धाग्यांच्या मध्ये विणला होता, आणि शेजारचा रंग त्याच्यावर आपल्या विरोधी, म्हणजे रंगचक्रात समोर येणाऱ्या, रंगाची झाक टाकत होता. शेव्रलने यावर 1839 मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला, आणि पुढच्या चित्रकारांच्या पिढ्या त्यावर पोसल्या.

हे वाचून पटत नाही, करून बघावं लागतं. एकाच करड्या कागदातून 2 सेंमीचे दोन चौकोन कापा. एक 15 सेंमीच्या लाल कागदाच्या मधोमध ठेवा, दुसरा तेवढ्याच हिरव्यावर. दोन्ही कागद एकाच उजेडात ठेवून थोडा वेळ बघत राहा. लालवरचा करडा हिरवट दिसू लागतो, हिरव्यावरचा गुलाबीसर. फरक दिसला नाही तर बहुतेक वेळा पुढचीच कारणं असतात. चौकोन फार मोठा झालाय, कागद चकचकीत आहे, चौकोनाची कड उचलली जाऊन सावली पडतेय, किंवा करडा मागच्या रंगापेक्षा फारच गडद वा फारच फिका आहे. करड्याचा उजळपणा मागच्या रंगाच्या जवळपास हवा. तरीही जमलं नाही तर वरून पातळ पारदर्शक टिश्यू कागद अंथरा, परिणाम आणखी ठळक होतो. आणि चौकोनाभोवती बारीक काळी रेघ मारली की परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. रेघेने शेजार तुटतो.

म्हणून नारंगी कापड पेटल्यासारखं दिसायला हवं असेल तर आणखी भडक नारंगी लावून उपयोग नसतो. त्याच्या मागचा करडा थोडा निळसर करा. उरलेला गोंधळ बहुतेक वेळा उजेड-अंधाराचा असतो. चित्राचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. सगळं एकसारखं राखाडी दिसलं तर रंग कितीही सुंदर असोत, चित्र उभं राहणार नाही. शुद्ध पिवळा हा मुळातच सगळ्यांत उजळ आणि शुद्ध जांभळा सगळ्यांत गडद, हे विसरलं की असं होतं. आणि लाल अधिक निळा म्हणजे जांभळा, हे शाळेतलं समीकरणही अर्धवट आहे. कॅडमियम रेड आणि अल्ट्रामरिन मिसळून बघा, जांभळ्याऐवजी मातकट तपकिरी हाती येतो. कॅडमियम रेड नारंगीकडे झुकलेला असतो, म्हणजे त्यात पिवळा लपलेला असतो आणि तो जांभळ्याला मारतो. स्वच्छ जांभळ्यासाठी निळ्याकडे झुकलेला लाल लागतो, उदाहरणार्थ क्विनॅक्रिडोन.

आता रंगाच्या द्रव्याबद्दल, कारण तक्ता लिहिणारे ते पूर्ण विसरतात. युरोपातल्या जुन्या चित्रांत मेरीचं वस्त्र निळं असतं, 'निळा म्हणजे पावित्र्य' म्हणून, असं सांगितलं जातं. तो निळा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येणाऱ्या लाजवर्द दगडाचा होता. दगड नुसता कुटला तर भुकटी राखाडीच होते, कारण त्यात पांढरा कॅल्साइट आणि सोनेरी पायराइट मिसळलेले असतात. चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने 1400 च्या सुमारास कृती लिहून ठेवली आहे. 1 पौंड भुकटीला 6 औंस पाइनची राळ, 3 औंस मस्तकी (हाही झाडाचा चीकच) आणि 3 औंस नवं मेण. हे वितळवून, गाळून, भुकटीत मळायचं. निदान 3 दिवस आणि 3 रात्री ठेवायचं आणि रोज थोडं मळायचं. मग कोमट क्षारपाण्यात दोन काठ्यांनी दाबत राहायचं. निळे कण पाण्यात सुटतात, मळ राळेच्या गोळ्यात अडकून राहतो. पहिल्या पाण्यातला निळा सर्वोत्तम, पुढच्या प्रत्येक पाण्यात तो फिका होत शेवटी राखेसारखा उरतो. हा रंग इतका महाग होता की चित्र करवून घेणारे करारातच कोणता निळा वापरायचा ते लिहून घेत. ते वस्त्र निळं आहे यात भक्ती आहेच, आणि ती दिसते ती खर्चातून. या लाजवर्दाच्या निळ्याचंच नाव अल्ट्रामरिन. 1824 मध्ये फ्रान्समध्ये कृत्रिम अल्ट्रामरिनसाठी 6000 फ्रँकचं बक्षीस जाहीर झालं, 1828 मध्ये गिमे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाला ते मिळालं, आणि तोच निळा कुणालाही परवडू लागला. त्यानंतर निळ्या वस्त्राने ती गोष्ट तशी सांगणं शक्यच नव्हतं.

द्रव्य विसरल्यावर काय होतं याचं सगळ्यांत वाईट उदाहरण म्हणजे व्हॅन गॉगची 1888 ची निजायची खोली. निळ्या भिंती बघून लोक एकटेपणा, उदासी, मनाचा थंडपणा असं बरंच काही लिहितात. व्हॅन गॉगने पत्रात लिहिलंय की भिंती फिक्या जांभळ्या आहेत आणि चित्रातून विश्रांती जाणवायला हवी. जांभळ्यातला लाल भाग लेक प्रकारच्या रंगद्रव्याचा होता. म्हणजे पाण्यात विरघळणारा रंग तुरटीसारख्या क्षारावर बसवून केलेला. असे काही लाल उजेडात उडून जातात. लाल उडाला, निळा उरला. पिवळ्या पलंगाशेजारी जांभळी भिंत ही विरोधी जोडी होती, दोघं एकमेकांना तोलून धरत होते. तो तोल आता त्या चित्रात नाही, आणि आपण त्या झिजेलाच चित्रकाराचं मन समजतो आहोत. मला हे खरंच दुःखद वाटतं.

(चित्र काढणाऱ्यांसाठी जाता जाता: आपले रंग किती टिकतात ते घरीच कळतं. कागदाच्या पट्टीवर प्रत्येक रंगाचा सपाट हात मारा, पट्टीचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाका, काही महिने उन्हाच्या खिडकीत चिकटवून ठेवा. पुठ्ठा काढल्यावर ॲलिझरिन क्रिमसन या गडद लालच्या पट्टीकडे आधी बघा.)

साहित्यात द्रव्य नसतं, शेजार मात्र असतो, आणि शिवाय क्रम असतो. फिट्झजेराल्डच्या 'द ग्रेट गॅट्सबी' (1925) या अमेरिकी कादंबरीतला हिरवा दिवा सगळ्यांना माहीत आहे. अभ्यासाच्या मार्गदर्शक पुस्तकांत त्यापुढे 'आशा' असं लिहिलेलं असतं. पण पुस्तक उघडून तो कुठे कुठे येतो ते बघा. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी, अंधारात, पाण्यापलीकडे, बारीक आणि दूर. पाचव्या प्रकरणात जिच्यासाठी तो दिवा बघितला ती डेझी शेजारी उभी आहे, धुक्यामुळे दिवा दिसतही नाही, आणि गॅट्सबीच्या लेखी त्याची किंमत तिथेच संपते. तिसऱ्यांदा शेवटच्या पानावर, तो बघणारा माणूस मेल्यानंतर. मधल्या जागेशिवाय 'आशा' हा शब्द पोकळ आहे. हवी ती व्यक्ती हाताशी आली आणि रंग विझला, हे त्या हिरव्याचं खरं काम आहे.

याच्या अगदी उलट रीत ज्ञानेश्वरांच्या निळ्याच्या अभंगात आहे. तिथे आकाश निळं, प्रेम निळं, ब्रह्म निळं, कर्मही निळं. एकच रंग इतक्या वस्तूंना लावलाय की तो वस्तूंचा गुण राहतच नाही, वस्तूच त्यात विरतात. गॅट्सबीत हिरवा दिवा मोजून तीन जागी, इथे निळा प्रत्येक जागी. दोन्हीकडे अर्थ कशाने झाला? वापराच्या रचनेने. 'निळा म्हणजे काय' हे विचारून यातलं काहीही हाती लागलं नसतं.

म्हणून कादंबरी किंवा कवितासंग्रह वाचताना साधी सवय लावा. रंगाचा शब्द आला की पानाचा आकडा, तो कशाला लावलाय आणि कोण बघतंय, एवढंच समासात टिपा. शेवटी ती टिपणं एकत्र वाचा. रंग कधी वस्तू बदलतो, कधी पात्र बदलतं, कधी मधली शंभर पानं तो गायबच असतो, आणि ती गैरहजेरी बहुतेक वेळा सगळ्यांत बोलकी असते. एकदाच आलेल्या रंगावर मात्र सिद्धांत उभारू नका. पडदा निळा असेल तर कधी कधी लेखकाला तिथे फक्त पडदा दाखवायचा असतो.

आणि लिहिणाऱ्यांनी तर आपल्या भाषेकडेच नीट बघावं. मराठीत 'लाल' पुष्कळदा जोडीदार घेऊन येतो. लालबुंद डोळे, लालचुटुक ओठ, लालभडक साडी. बुंदमध्ये रक्त चढलेलं आहे, चुटुकमध्ये लहानपणा आणि लाड आहे, भडकमध्ये बघणाऱ्याची नापसंती. जोड्या बदलून बघा: लालचुटुक डोळे म्हटलं की सशाचे आठवतात, राग पार निघून जातो. केस काळेभोर, अंधार काळाकुट्ट. अंधाराला काळाभोर म्हटलं तर तो एकदम प्रेमळ होतो, आणि एखाद्या कवितेला नेमकं तेच हवं असू शकतं. कपडे पांढरेशुभ्र असतात, चेहरा मात्र पांढराफटक पडतो. रंग एकच आहे. शुभ्रमध्ये धुतलेपण आहे, आणि फटक ऐकू आलं की चेहऱ्यातलं रक्त कुणीतरी नुकतंच काढून नेलेलं असतं.