पीएसए चारच्या आत म्हणजे निर्धास्त?

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर या ना त्या रूपात फिरत असतो. लघवी साफ होत असेल तर प्रोस्टेटची, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीची, तपासणी नको. केलीच, तर पीएसए (या ग्रंथीत तयार होणाऱ्या एका प्रथिनाचं रक्तातलं प्रमाण, नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये) चारच्या आत आला की निर्धास्त, वर गेला की कॅन्सर. बायोप्सी, म्हणजे सुईने तुकडा काढून तपासणं, मात्र करू नका, सुई लागली की गाठ पसरते. आणि हा कॅन्सर सावकाश वाढतो, मग शोधून उपयोग काय? चारही विधानांत थोडंथोडं खरं मिसळलेलं आहे, म्हणून तर ती पटतात.

‘लघवीचा त्रास नाही, म्हणजे काही नाही.’ वयानुसार प्रोस्टेट वाढते ती मूत्रमार्गाला लागून असलेल्या भागात. म्हणून धार बारीक होते, रात्री तीन-चारदा उठावं लागतं. कॅन्सर मात्र साधारण ७० टक्के वेळा बाहेरच्या, गुदाशयाकडच्या भागात सुरू होतो. तिथली वाटाण्याएवढी गाठ मूत्रमार्ग दाबत नाही, त्यामुळे सुरुवातीला काहीच जाणवत नाही. धार अडकते म्हणून धास्तावलेल्या बहुतेकांना साधी वाढच असते.

‘चारच्या आत सुरक्षित, वर कॅन्सर.’ सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात पीएसए चार किंवा त्याहून कमी असलेल्या पुरुषांचीही बायोप्सी केली गेली. २००४ साली निष्कर्ष छापून आले. सुमारे १५ टक्के जणांत कॅन्सर निघाला. त्यातले बरेचसे सौम्य होते, पण सगळे नव्हे. उलट, चार ते दहाच्या दरम्यान पीएसए असलेल्यांपैकी साधारण चौघांत एकालाच कॅन्सर निघतो. बाकीच्यांचा आकडा वाढलेल्या ग्रंथीमुळे किंवा जंतुसंसर्गामुळे वर गेलेला असतो. म्हणून लघवीचा संसर्ग झाला असेल किंवा कॅथेटर घातला असेल तर सुमारे सहा आठवडे थांबून रक्त द्यावं. आदले दोन दिवस वीर्यस्खलन आणि लांबची सायकलिंग टाळावी. आकडा वर आला तर काही आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासावा.

गोळ्यांकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. प्रोस्टेटसाठी दिली जाणारी ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड सहा महिने ते वर्षभर घेतली की पीएसए जवळपास निम्मा होतो. केस गळतात म्हणून घेतलेल्या १ मिलिग्रॅम फिनास्टेराइडनेही तेच होतं. अशा माणसाचा २.६ हा ५.२ धरायचा असतो. लॅबला गोळी ठाऊक नसते, त्यामुळे रिपोर्टवर २.६ साध्या अक्षरातच छापून येतो, ठळक होत नाही. तेव्हा रिपोर्ट दाखवताना गोळ्यांची पाकिटंही डॉक्टरांपुढे ठेवावीत.

‘बायोप्सीने पसरतो.’ सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याची उदाहरणं अत्यंत दुर्मिळ आहेत. खरा धोका संसर्गाचा असतो, तोही मुख्यतः गुदाशयातून सुई घातल्यावर. अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून घातली तर कमी. हल्ली जमेल तिथे आधी एमआरआय करतात आणि त्यात संशयास्पद दिसणाऱ्या जागेवर नेम धरतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल आधी सांगावं, पण स्वतःहून त्या बंद करू नयेत, विशेषतः स्टेंट असेल तर. बायोप्सीनंतर काही दिवस लघवीत आणि काही आठवडे वीर्यात रक्त दिसणं अपेक्षित आहे. थंडी वाजून ताप आला तर मात्र सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठावं.

‘सावकाश वाढतो, शोधून काय करायचं?’ चारांतलं सर्वांत खरं विधान हेच. ग्लीसन, म्हणजे बायोप्सीतल्या पेशी पाहून कॅन्सर किती आक्रमक आहे हे सांगणारा आकडा, ६ असेल तर अनेकांना ऑपरेशन न करता ठरावीक अंतराने पीएसए, एमआरआय आणि गरजेनुसार बायोप्सी करून नुसतं लक्ष ठेवता येतं. पण ग्लीसन ८ ते १० चा कॅन्सर सावकाश वाढत नाही, आणि दोन्हींतला फरक बायोप्सीशिवाय कळत नाही. युरोपातल्या मोठ्या चाचणीत २३ वर्षांनंतर तपासणीच्या गटात या कॅन्सरचे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी आढळले. एक मृत्यू टाळायला ४५६ जणांना तपासणीसाठी बोलवावं लागलं. फायदा आहे, पण सरसकट सगळ्यांना रांगेत उभं करावं इतका नाही.

मग कुणी करावी? साधारण ५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून ठरवावं. वडील किंवा भाऊ यांना हा कॅन्सर झाला असेल तर धोका साधारण दुप्पट, त्यामुळे ४५ पासूनच विचारावं. घराण्यात बीआरसीए-२ जनुकदोष निघाला असेल तर ४० पासून. आई-बहिणीचा स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सरही इथे सांगण्याजोगा आहे. आपल्याकडच्या सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कॅन्सर आहेत, त्यामुळे प्रोस्टेटसाठी बोलावणं येईल याची वाट पाहू नये.

उलट, चेकअपच्या पॅकेजमध्ये आहे म्हणून काहीही त्रास नसलेल्या ७८ वर्षांच्या आजोबांचा पीएसए काढण्यात अर्थ नाही. पण त्यांना नव्याने, रात्री झोपू न देणारी पाठदुखी सुरू झाली असेल, वजन उतरत असेल, तर वय न पाहता तपासावं. त्यातच पायांतली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर मणक्यातल्या नसांवर दाब आलेला असू शकतो. त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये न्यावं.