तुमच्याकडं बरंय, स्वस्ताई आहे

दिवाळीत पुण्याचा चुलतभाऊ कोल्हापूरला आमच्याकडं आलेला. हिंजवडीत आयटीत आहे. संध्याकाळी गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून ताजं धारेचं दूध प्यायला, दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळ, दुपारी आमच्याकडं तांबडा-पांढरा ओरपला, आणि गाडीत बसताना म्हणाला, "दादा, तुमच्याकडं बरंय राव, सगळंच स्वस्त, मी पण इकडंच शिफ्ट होतो बघ." मी हसलो. काय बोलणार? त्याच्या आदल्याच आठवड्यात घरमालक काका वर येऊन चहा पिऊन गेलेले आणि जाता जाता सांगून गेलेले की पुढच्या ॲग्रीमेंटला अकराचे पंधरा करूया.

पंधरा हजार का, तर म्हणे हायकोर्टाचं सर्किट बेंच आलं आता.

आता बघा, सर्किट बेंचसाठी कोल्हापूरनं किती वर्षं आंदोलनं केली. 18 ऑगस्ट 2025 ला बेंच सुरू झालं तेव्हा मी स्वतः स्टेटस ठेवलेलं, ऑफिसात पेढे वाटलेत. सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांचे मुंबईचे हेलपाटे वाचले, चांगलंच झालं, त्यात दुमत नाही. पण भाऊसिंगजी रोडवर कोर्ट आलं आणि दोन किलोमीटरवर नागाळा पार्कात माझं भाडं चार हजारानं वाढलं, आणि माझी आयुष्यात एकही केस नाही राव! काकांचंही चुकतंय असं नाही, त्यांना खालच्या मजल्यासाठी एका वकिलानं अठरा हजार कबूल केलेत. मीच घरमालक असतो तर काय वेगळं केलं असतं?

तर भाऊ गेल्यावर रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसलो (अकाउंट्सचं काम करतो, दुसरं येतं काय). त्याचा पगार हातात एक लाख चाळीस, भाडं बत्तीस हजार. म्हणजे पगारातले चोवीस टक्केसुद्धा नाहीत. माझे हातात येतात एकतीस हजार, भाडं अकरा, म्हणजे पस्तीस टक्के, आणि पंधरा झालं की अठ्ठेचाळीस टक्के, म्हणजे पगार निम्मा घरमालकाचा. मग महागड्या शहरात कोण राहतंय, सांगा तुम्हीच.

स्वस्त म्हणजे नक्की काय स्वस्त आहे इथं हे मी त्या दिवसापासून बघत बसलोय. पेट्रोल पुण्यातही शंभराच्या वर, इथंही. सिलेंडर तोच, मोबाईलचा रिचार्ज तोच, फ्रिज बिघडला तर त्याचा पार्ट त्याच किमतीला. आण्णांच्या (वडिलांच्या) बीपी-शुगरच्या गोळ्यांच्या पाकिटावर एमआरपी छापलेली असते, तिच्यावर काय शहराचं नाव नसतं. मग उरलं काय? केस कापायचे कमी लागतात. ब्लाऊजची शिलाई कमी आहे. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, घरकामाच्या मावशी, शिकवणीच्या बाई, वडापाव तळणारा. म्हणजे जिथं जिथं माणसाचे हात लागतात तेवढं स्वस्त आहे. आणि त्या हातांतच माझेपण दोन हात आले की. माझी बायको घरी शिवणकाम करते, महिन्याला सात-आठ हजार मिळतात, सणाला थोडे जास्त. भावाच्या बायकोला पुण्याला जे ब्लाऊज नऊशेला पडतं ते ती इथं साडेतीनशेत शिवते, आणि गिऱ्हाईक वर म्हणतं, पन्नास कमी करा की वहिनी.

मागं पगारवाढीचं बोलायला गेलो तर साहेब काय म्हणाले, "अरे कोल्हापुरात राहतोस, तुला खर्च काय आहे इथं?" हे वाक्य मी चार नोकऱ्यांत चार वेळा ऐकलंय. गंमत म्हणजे सरकारला सुद्धा एवढा फरक वाटत नाही. केंद्र सरकारच्या घरभाडे भत्त्याच्या यादीत पुणे-मुंबई 'एक्स' मध्ये, कोल्हापूर 'वाय' मध्ये, त्यांना मूळ पगाराच्या 30 टक्के आणि इथल्या कर्मचाऱ्याला 20 टक्के. मूळ पगार मात्र दोघांचा तोच. खाजगीत उलटं, पगारच निम्म्याच्या खाली, आणि वर स्वस्ताईचं सर्टिफिकेट. स्वस्ताई जणू मालकच आपल्याला बोनस म्हणून देतोय.

आई म्हणते पूर्वी असं नव्हतं. मला वाटायचं जुनी माणसं असंच बोलतात. पण परवा माळ्यावरचं सामान काढताना (घर सोडावं लागलं तर, म्हणून आत्तापासूनच आवरतोय) आईची जुनी कालनिर्णयं सापडली, सुतळीनं बांधलेली. त्यातलं 1998 चं उघडून बसलो. रोजच्या चौकटीत दुधाची टिकली, म्हैस व्याली की एक जादा टिकली. कोपऱ्यात गॅसचा नंबर लावल्याची तारीख. आणि मधी मधी आईच्या अक्षरात: "भाऊ आला, तांदूळ 2 पोती". "गूळ 1 ढेप". "शेंगा". "चटणी कांडली 6 किलो". "शेजारून मेथी". अख्खं वर्ष चाळलं, या नोंदींपुढं एक रुपयाचाही आकडा नाही. मामाचं गाव राधानगरीकडं, तिकडनं भात यायचं, गूळ यायचा, बदल्यात आई मामाच्या पोरांना शिकायला आपल्याकडं ठेवून घ्यायची, दोघं आमच्याच ताटात जेवून बारावी झाले. राहायला शिवाजी पेठेत आजोबांच्या वाड्यात दोन खोल्या, भाडं शून्य. शाळा चालत. दवाखाना म्हणजे गल्लीतले डॉक्टर, ते वर्षाचे एकदम घ्यायचे, तेही आठवण केली तर.

तेव्हा मला कळलं की कोल्हापूर स्वस्त होतं म्हणजे इथं दर कमी होते असं नाही, निम्म्या गोष्टींना दरच नव्हता. त्या बाजारातच यायच्या नाहीत. आता एकेक करून सगळ्या बाजारात आल्यात. मामानं सगळं रान उसाखाली आणलंय, तो स्वतः तांदूळ दुकानातनं घेतो. वाडा 2012 ला बिल्डरला गेला, चार भावांत वाटण्या झाल्या, आण्णांच्या वाट्याला आलेले पैसे ताईचं लग्न आणि आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन यात संपले, फ्लॅट घेण्याइतके ते कधी नव्हतेच. दुधाच्या टिकल्यांच्या जागी आता महिन्याचं सव्वातीन हजारांचं बिल आहे. चटणी तेवढी अजून आई घरी करते, पण मिरची, मसाला, खोबरं सगळं विकतचं. आणि पगार मात्र अजून त्या 1998 च्या कालनिर्णयाच्या हिशोबानं मिळतोय, की याला घरचा तांदूळ असेल, वाड्यात खोली असेल, मग याला किती लागतंय.

आण्णांचं सांगतो. शिरोलीत फौंड्रीत तेवीस वर्षं काढली, भट्टीपुढं. पेन्शन किती तर दोन हजार एकशे काहीतरी. ही ईपीएस 95 ची, म्हणजे पीएफवाल्यांकडनं मिळणारी पेन्शन, 2014 पासून किमान हजार रुपये ठरलीय ती तिथंच आहे, आणि तिला महागाई भत्ता नसतो. पहिल्या महिन्यात जेवढी मिळाली तेवढीच मरेपर्यंत. त्यांच्या गोळ्या महिन्याला सव्वीसशेच्या. पेन्शन जमा झाल्याचा मेसेज आला की ते मला मोबाईल दाखवतात, चष्मा वर करून, दरवेळी, जणू पगारच झालाय. मी पण म्हणतो, झाली का, बरं झालं.

घर विकत का घेत नाही हा पुढचा प्रश्न, सगळे पाहुणे विचारतात. घेतो की. बरा टूबीएचके पन्नासच्या खाली दाखवा. परवडणाऱ्या घराची जीएसटीतली मर्यादा 2019 ला 45 लाख ठरली ती अजून तीच आहे, त्याच्या आत बसलं तर चालू बांधकामाला एक टक्का, एक रुपया वर गेला की पाच टक्के. तेव्हा 45 लाखात कोल्हापुरात ऐसपैस घर यायचं, आता त्यात 'परवडणारं' एवढं नावच येतं. त्यावर स्टँप ड्यूटी, रजिस्ट्रेशन, पार्किंगचे, सोसायटीचे. एकतीस हजार पगारावर बँक जेवढं लोन देते ते ऐकून एजंट मला पाणी विचारायचाही बंद झाला.

आणि कोल्हापुरात घर बघायचं म्हणजे अजून एक प्रश्न विचारावाच लागतो, 2019 च्या महापुरात पाणी कुठपर्यंत आलेलं? बाहेरच्यांना कळणार नाही. आम्ही कुठलाही फ्लॅट बघायला गेलो की हॉल, किचन, बाल्कनी नंतर, आधी हा प्रश्न. मग 2021 चं. एजंट म्हणतो, "नाही हो, फक्त पार्किंगपर्यंत." शेजारच्या आजी हळूच हात छातीपर्यंत नेऊन दाखवतात. जिथं भाडं जरा कमी ऐकू येतं तिथं भिंतीवर नवीन रंगाखाली ती आडवी रेष असतेच.

मग कोणी म्हणतं पाचगाव, कळंब्याच्या पुढं बघा, तिकडं कमी आहे. बघितलं. भाडं तीन हजारानं कमी, पण टँकरचे पैसे वेगळे, पोरीची शाळेची व्हॅन दीड हजाराच्या जागी अडीच, माझं पेट्रोल वाढणार. बेरीज केली तर वाचतात साडेसहाशे रुपये. महापालिका झाली 1972 ला, तेव्हापासून हद्दवाढीचं गुऱ्हाळ चालूच आहे, गूळ काय पडत नाही. शहर पसरलं, माणसं बाहेर गेली, नळ आणि केएमटीची बस त्यांच्या मागनं तेवढी गेलीच नाही.

आता कमेंटमध्ये कोणीतरी लिहिणारच, पोरीला इंग्लिश मीडियमला कशाला घातलं. बरोबर आहे, हे माझंच. जरगनगरची महापालिकेची शाळा आहे, पाडव्याला ॲडमिशनसाठी तिथं रांगा लागतात, खाजगीवाल्यांनी हेवा करावा अशी शाळा. पण ती आम्हाला लांब पडते, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही वाटलं की पोरगी मागं पडेल. वर्षाला अट्ठेचाळीस हजार भरतो. हे कोणी माझ्यावर लादलेलं नाही, पण ज्या गल्लीत सगळी पोरं व्हॅननं जातात तिथं एकटीला वेगळं काढायचं धाडस आमच्यात नाही एवढंच.

मला एक नवल वाटतं. आपण कोल्हापूरकर गप्प बसणारी माणसं नाही. शहरातल्या रस्त्यांवरचा टोल घालवला की आपण, एन. डी. पाटील सर त्या वयात रस्त्यावर उतरलेले, कित्येक वर्षं लढून टोल घालवला. 2019 च्या शेवटी मटणाचा दर वाढला म्हणून या शहरात आंदोलन झालं, सगळा महाराष्ट्र हसला आपल्यावर, पण झालं. (आता परवा मी आठशे दिले किलोला, अर्धाच घेतला, कोणी काही बोललं नाही.) टोलला नाका होता, मटणाला दुकानावर बोर्ड होता, जाऊन उभं राहायला जागा होती. भाड्याचा बोर्ड कुठं लागतो? पगार न वाढल्याचा नाका कुठं आहे?

परवा भावाचा फोन आला. शिफ्ट-बिफ्ट काय होत नाही तो, बायको तयार नाही. पण म्हणाला, "दादा, तिकडं एक टूबीएचके बघून ठेव, इन्व्हेस्टमेंटला, बेंचच्या आसपास मिळाला तर भारी." भाडं किती येईल विचारलं, मी पंधरा म्हणालो. "एवढंच?" म्हणाला.

असो. पोस्ट लांबली. ॲग्रीमेंट जानेवारीअखेर संपतंय. नागाळा पार्क, ताराबाई पार्क, रुईकर कॉलनी या भागात कोणाला टूबीएचके माहीत असेल तर इनबॉक्स करा. बारा हजारापर्यंत, ओढून ताणून तेरा. आईच्या गुडघ्यामुळं पहिल्या मजल्याच्या वर नको, आणि 2019 मुळं तळमजला नको. एजंटनी कृपया मेसेज करू नये.