‘अभिषिक्ताला हात लावू नका’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रभूमध्ये सलाम.

बायबलमधल्या शौल, दावीद आणि शलमोन या राजांवरच्या माझ्या धड्यांबद्दल तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत. इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप आधी थोडक्यात मांडतो. पहिला: शौलालाही देवानेच निवडलं होतं, मग ‘देवाने निवडलेल्या राजावर भरवसा ठेवा’ या शिकवणीत दम काय उरतो? दुसरा: ‘दावीदही पडला, त्यालाही क्षमा मिळाली’ असं शिकवलं की आजचे पुढारी सुटतात आणि ज्यांचं नुकसान झालं ते तसेच राहतात. तिसरा मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, पुढाऱ्यांबद्दल (‘अभिषिक्त’ म्हणजे देवाने नेमलेला माणूस), तुमच्याच शब्दांत: “अभिषिक्ताला हात लावू नका, एवढं म्हटलं की मंडळीत हिशोब मागणाऱ्याचं तोंड बंद होतं. तुमचे धडे त्यांनाच बळ देतात.”

तिसरा मुद्दा आधी घेतो, कारण त्याने माणसं खरोखर दुखावली जात आहेत.

हे वचन स्तोत्र १०५ मधलं, पंधरावं. त्याच्या आधीची तीन वचनं उघडून पाहा. तिथे अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांच्याबद्दल बोलणं चाललं आहे: संख्येने थोडे, परक्या देशात उपरे, या राज्यातून त्या राज्यात भटकणारे. देवाने त्यांच्यावर कुणाला जुलूम करू दिला नाही, त्यांच्यासाठी राजांना दटावलं, आणि म्हणाला, माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका. म्हणजे दटावणी मिळाली ती सिंहासनावर बसलेल्यांना. कसलीही सत्ता नसलेल्या एका कुटुंबाच्या बाजूने उच्चारलेलं वाक्य व्यासपीठावरच्या माणसाच्या बचावाला लावणं हा वचनाचा सरळसरळ गैरवापर आहे. वर्गात कुणी हे वचन पुढे केलं तर वाद घालत बसू नका. बारा ते पंधरा ही चारही वचनं त्यालाच मोठ्याने वाचायला सांगा.

दुसरा आधार दावीदाचा दिला जातो: जिवावर उठलेला राजा शौल हाती लागला होता, तरी दावीदाने त्याला मारलं नाही, ‘तो परमेश्वराचा अभिषिक्त आहे’ म्हणाला. खरं आहे. पण १ शमुवेल २४ बहुतेक वेळा सातव्या वचनापाशी थांबवतात. पुढे काय घडतं? एन-गेदीच्या गुहेतून शौल बाहेर पडतो. त्याच्यासोबत ३,००० निवडक माणसं आलेली आहेत. दावीद मागोमाग बाहेर येऊन हाक मारतो, जमिनीपर्यंत लवून मुजरा करतो, ‘माझे स्वामी महाराज’ म्हणतो आणि मग एकेक मुद्दा मांडतो. मी तुमचं वाईट करू पाहतो असं सांगणाऱ्यांचं तुम्ही का ऐकता? हा बघा तुमच्या झग्याचा कापलेला काठ माझ्या हातात. मनात असतं तर मारलं असतं. मी अपराध केला नाही, तरी तुम्ही माझ्या जिवावर उठला आहात. तुमच्या-माझ्यामध्ये परमेश्वर न्याय करो. आदर आहे, पुरावा आहे, आरोप स्पष्ट आहे आणि निवाडा वरच्या न्यायाधीशाकडे सोपवलेला आहे. शौल रडतो, ‘तू माझ्यापेक्षा नीतिमान आहेस’ म्हणतो. आणि अध्यायाचं शेवटचं वचन: शौल घरी गेला, दावीद आणि त्याची माणसं गडावर गेली. रडण्यावर विश्वास ठेवून दावीद त्याच्यासोबत परत गेला नाही.

सव्विसाव्या अध्यायात हेच पुन्हा घडतं, आणि तिथला बारकावा फार मोलाचा आहे. शौल म्हणतो, ‘माझ्या मुला, परत ये, मी पुन्हा तुझं वाईट करणार नाही.’ दावीद त्याचा भाला परत देतो, पण स्वतः नेऊन देत नाही; एखाद्या तरुणाला पाठवा आणि घेऊन जा, असं सांगतो. पूर्वी हाच राजा त्याच्यावर भाला फेकत असे. पुढच्या अध्यायात तो ६०० माणसांसह पलिष्ट्यांच्या गथ नगरात निघून जातो.

तेव्हा ‘हात न लावणं’ म्हणजे खून न करणं, सूड न घेणं. गप्प बसणं, पुरावा दडवणं, भाल्याच्या टप्प्यात पुन्हा जाऊन उभं राहणं यातलं काहीही त्यात येत नाही. याच ग्रंथात आणखी एक प्रसंग आहे, तोही धड्यात घ्याच. नोब इथल्या याजकांना मारा, असा हुकूम शौल आपल्या पहारेकऱ्यांना देतो, आणि ते राजाचेच नोकर हात उचलायला नकार देतात (१ शमुवेल २२:१७). शास्त्र त्यांना एका शब्दानेही दोष देत नाही. मग शौलाचाच एक सेवक, दवेग अदोमी, पुढे होतो आणि एका दिवसात ८५ याजक मारले जातात. राजाचा शब्द पाळला तो दवेगाने.

आता शौलाच्या निवडीबद्दल. होय, त्याला देवानेच निवडलं; १ शमुवेल ९:१६-१७ आणि १०:२४ वाचल्यावर त्यात शंका राहत नाही. पण निवड म्हणजे शास्त्रात काम सोपवणं. माणसाच्या चारित्र्याची ती हमी नसते. यशया ४५:१ मध्ये परमेश्वर पारसाचा राजा कोरेश याला आपला अभिषिक्त म्हणतो, आणि तिथेच पुढे ‘तू मला ओळखत नव्हतास’ असंही सांगतो. येशूने बारा जणांना निवडलं आणि त्यांतला एक सैतान आहे, हे त्यानेच सांगितलं (योहान ६:७०). शौल तर लोकांच्या मागणीला दिलेलं उत्तर होता. ‘इतर राष्ट्रांसारखा राजा हवा’ ही ती मागणी. शमुवेल संदेष्ट्याने त्याची किंमत आधीच मोजून दाखवली होती: तो तुमची मुलं रथांवर आणि शेतावर घेईल, मुली स्वयंपाकाला घेईल, उत्तम शेतं आणि द्राक्षमळे काढून घेईल, धान्याचा आणि मेंढरांचा दशांश घेईल, आणि तुम्ही त्याचे दास व्हाल. लोकांनी ऐकून घेतलं, तरी ‘नाही, राजा हवाच’ म्हणाले. म्हणून देवाची निवड चुकली का, या प्रश्नाच्या आधी त्या लोकांना काय हवं होतं हे विचारावं लागतं.

आणि शौल एका दिवसात कोसळला नाही. शिकवताना हा क्रम सोडू नका, कारण पुढाऱ्याची घसरण ओळखायची कशी ते इथेच दिसतं. तेराव्या अध्यायात तो सात दिवस थांबतो, लोक पांगू लागतात, आणि तो शमुवेलाची वाट न पाहता स्वतः होमार्पण करतो. कारण विचारलं तर ‘नाइलाज झाला’. पंधराव्या अध्यायात, सगळं नष्ट करायचा हुकूम असताना, अमालेक्यांची उत्तम मेंढरं राखून ठेवतो आणि ‘परमेश्वराला अर्पण करायला ठेवली’ असं धार्मिक कारण देतो. त्याआधी कर्मेल इथे स्वतःचं स्मारकही उभारून झालेलं असतं. पकडला गेल्यावर आधी लोकांवर ढकलतो, मग ‘लोकांची भीती वाटली’ हे कबूल करतो, आणि लगेच मागतो काय? ‘लोकांच्या वडीलधाऱ्यांसमोर आणि इस्राएलासमोर माझा मान राख.’ पाप कबूल केल्यावरही त्याला काळजी आहे ती आपल्या प्रतिष्ठेची. पश्चात्ताप खरा की खोटा हे पारखायला यापेक्षा चांगला उतारा नाही. त्याच्याशेजारी स्तोत्र ५१, दावीदाचं पश्चात्तापाचं स्तोत्र, ठेवा, फरक विद्यार्थी स्वतःच सांगतील.

दावीदाबद्दलचा तुमचा आक्षेप मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ‘दावीदालाही क्षमा मिळाली’ हे वाक्य अर्धवट वापरलं जातं, आणि त्यात, ज्याची बायको बळकावून दावीदाने ज्याला मारवलं, त्या उरीयाचा बळी दुसऱ्यांदा जातो. २ शमुवेल १२ मध्ये क्षमा आणि परिणाम एकाच भाषणात आहेत. तेराव्या वचनात नाथान संदेष्टा दावीदाला सांगतो की परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे. त्याच्याआधी, दहाव्यात, तलवार तुझ्या घरातून हटणार नाही, असं सांगून झालेलं आहे. आणि ती हटत नाही. दावीदाचा मुलगा अम्नोन आपल्याच सावत्र बहिणीवर, तामारेवर बलात्कार करतो. दावीद ऐकतो, फार संतापतो, आणि काहीच करत नाही. दोन वर्षांनी तामारेचा सख्खा भाऊ अबशालोम अम्नोनाला ठार करतो. पुढे हाच अबशालोम वेशीपाशी उभा राहून न्यायासाठी आलेल्यांना म्हणतो, ‘तुझं म्हणणं बरोबर आहे, पण ऐकून घ्यायला राजाने कुणाला नेमलेलं नाही.’ बंडाला हवा मिळते ती तिथे. पुढाऱ्याने गुन्ह्याकडे डोळेझाक केली की काय होतं, हे सांगायला दुसरं उदाहरण शोधायची गरज नाही. तामारेचा अध्याय लाजेखातर वगळू नका. वय पाहून शब्द बदला, पण मोठ्यांच्या वर्गात तो हवाच.

मग दावीदाचं सिंहासन का टिकलं? २ शमुवेल ७ मधल्या करारामुळे, त्याच्या वंशातून येणाऱ्या राजासाठी. असा करार कुठल्याही पाळकाशी, बिशपाशी किंवा मंडळीच्या वडिलांशी (ज्येष्ठ पुढाऱ्यांशी) देवाने केलेला नाही. त्यांना १ तीमथ्य ३ आणि तीत १ लागू होतात: अनिंद्य, द्रव्यलोभी नसलेला, मारकुटा नसलेला, बाहेरच्यांतही चांगलं नाव असलेला. क्षमा मिळालेला माणूस मंडळीत बसू शकतो, प्रार्थना करू शकतो. पण पद हा त्याचा हक्क नाही. ‘दावीदाला परत बसवलं, मग यांनाही बसवा’ हा युक्तिवाद इथेच संपतो.

प्रत्यक्षात काय करायचं, हेही तुम्ही विचारलं आहे. पैशांच्या बाबतीत २ करिंथकरांस ८:१८-२१ हा नमुना घ्या. वर्गणी नेताना पौल मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतो, कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. पौलाला सोबतीला माणूस चालला, तर पाळकाला दोन माणसांनी अर्पण मोजलेलं का चालू नये? वेगवेगळ्या घरांतले दोघं मोजतील, रक्कम जागेवरच लिहून दोघं सही करतील, पाळकाचं नातलग त्यात नसेल, बँकेत दोन सह्या लागतील, महिन्याचा हिशोब मंडळीसमोर वाचला जाईल आणि वर्षाचा हिशोब बाहेरचा माणूस तपासेल. यात अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही. प्रामाणिक पाळकाला यानेच संरक्षण मिळतं.

तक्रारींच्या बाबतीत दोन वचनांचा घोळ होतो. १ तीमथ्य ५:१९ म्हणतं की मंडळीच्या वडिलांवरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय स्वीकारू नको. त्याचा अर्थ ‘एकट्याने तक्रार केली तर ऐकूच नको’ असा लावतात. पण साक्षीदारांचा हा नियम जिथून आला त्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात, एकटाच साक्षीदार उभा राहिला तरी न्यायाधीशांनी कसून चौकशी करावी असं सांगितलं आहे. चौकशी होते तेव्हाच दुसरा साक्षीदार, कागद, निरोप, खात्याच्या नोंदी पुढे येतात. आणि पुढचं विसावं वचन कुणी वाचतच नाही: जे पाप करत राहतात त्यांना सर्वांसमोर दोष दे. पौलाने अंत्युखियात पेत्रासारख्या प्रेषिताला सर्वांदेखत सुनावलं (गलती २). दुसरा घोळ मत्तय १८चा. ‘आधी एकांतात जाऊन त्याला सांग’ ही सूचना भावाभावांतल्या अपराधासाठी आहे. छळ झालेल्या स्त्रीला किंवा मुलाला छळणाऱ्यासमोर एकटं पाठवण्यासाठी ती मुळीच नाही. गुन्हा असेल तर पोलिसांकडे जायचं. रोमकरांस १३:४ प्रमाणे तलवार देवाने त्यांच्या हाती दिली आहे, आणि तिथे जाणं म्हणजे मंडळीशी बेइमानी नव्हे.

राहता राहिला तुमच्या पहिल्या आक्षेपातला ‘देवाने निवडलेला राजा’, म्हणजे येशू ख्रिस्त. तुम्हाला वाटतं, ख्रिस्तावर भरवसा ठेवा म्हणणं ही पळवाट आहे. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. ज्याला पाळकातच आपला तारणारा दिसतो, तो त्याच्याकडे हिशोब मागू शकत नाही, कारण पाळक पडला की त्याचं सगळंच पडतं. सिंहासन ख्रिस्ताने भरलेलं आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो पाळकाला सेवक म्हणून जोखू शकतो.

हे दाखवायला अनुवाद १७ आणि १ राजे १०-११ शेजारी ठेवा. राजाने घोडे वाढवू नयेत आणि त्यांसाठी लोकांना मिसरला पाठवू नये. शलमोनाकडे १,४०० रथ, १२,००० स्वार आणि घोडे मिसरहून आणलेले. सोनं-रुपं फार साठवू नये. वर्षाला ६६६ किक्कार (हे एक मोठं वजन) सोनं त्याच्याकडे येई. बायका वाढवू नयेत. ७०० राण्या, ३०० उपपत्नी. इतक्या शहाण्या राजाने तिन्ही मनाया मोडल्या. आता जखऱ्या ९:९ मधला राजा: नम्र, गाढवावर बसलेला. लोक बळजबरीने राजा करू पाहतात तेव्हा तो एकटा डोंगरावर निघून जातो (योहान ६:१५). शमुवेलाने सांगितलेला राजा लोकांची मुलं, शेतं, कळप घेतो. हा पुष्कळांच्या खंडणीसाठी स्वतःचा जीव देतो (मार्क १०:४५). त्याला निवडलेला राजा म्हणायचं ते या कामावरून.

तुमच्या पुढच्या वर्गासाठी एक सुचवतो. दावीदाकडे जायच्या आधी १ शमुवेल १२ला एक पूर्ण तास द्या. म्हातारा शमुवेल सगळ्या इस्राएलासमोर उभा राहून विचारतो: मी कुणाचा बैल घेतला, कुणाचं गाढव, कुणाला फसवलं, कुणाच्या हातून लाच घेतली? सांगा, परत करतो. हिशोब कुणी मागितलेला नव्हता. त्याच्या दोन मुलांनी मात्र बैर-शेब्यात लाच खाल्ली होती, आणि त्यांना नेमलं होतं त्यानेच. ‘माझी मुलं तुमच्यात आहेत’ एवढंच म्हणून तो पुढे जातो. हे दोन्ही वर्गासमोर ठेवा आणि चर्चा होऊ द्या.