‘प्रोसेसर तगडा घ्या, बाकी काहीही चालतं’? नाही चालत!

घरी कामाचा डेस्कटॉप असेंबल करणाऱ्यांसाठीचा एक मजकूर सध्या या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतोय. मला तो चौघांनी पाठवला, आणि त्यातल्या दोघांनी त्याबरहुकूम सामानाची यादीही तयार केली होती. मजकुराचं सार असं: जास्तीत जास्त कोअरचा (प्रोसेसरमध्ये स्वतंत्रपणे काम करणारे भाग म्हणजे कोअर) प्रोसेसर घ्या, रॅमची एकच मोठी स्टिक लावा, दुसरी पुढे बघू, एसएसडी डब्यावरचा वेगाचा आकडा बघून घ्या, मदरबोर्डमुळे वेग वाढत नाही, तेव्हा सगळ्यात स्वस्त घ्या, एसएमपीएसचे (मशीनच्या भागांना वीज पुरवणारा भाग) नुसते वॉट बघा, ग्राफिक्स कार्ड हवंच, आणि मशीन एकदा चालू झालं की बायोसला (मशीन सुरू करणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्राम) हात लावू नका.

मी पुस्तकांची मांडणी करते आणि त्यासाठी लागणारी मशीन गेली बारा वर्षं स्वतःच जोडते, नात्यागोत्यातल्यांनाही जोडून देते. या सल्ल्याची मोजपट्टी मला मुळातच चुकीची वाटते. मशीन किती जोरात पळतं एवढंच त्यात मोजलंय. कामाच्या मशीनला पहिला प्रश्न वेगळा विचारायचा असतो: सकाळी चालू केलेलं हे मशीन संध्याकाळपर्यंत, रोज, काही वर्षं, न अडखळता चालेल का?

‘एसएमपीएसचे वॉट बघा, कॅबिनेटबरोबर आलेलाही चालतो’

क्रमाने हा पाचवा मुद्दा, पण सुरुवात इथूनच करते, कारण या एका वाक्यापायी झालेलं नुकसान मी जवळून पाहिलंय.

माझा मावसभाऊ इमारतींचे आराखडे काढतो. त्याचं नवं मशीन काम ऐन रंगात आलं की आपोआप रीस्टार्ट व्हायचं. निळा स्क्रीन नाही, एरर नाही. स्क्रीन काळा आणि पुन्हा लोगो. फोनवर तो एवढंच म्हणायचा, "ताई, परत गेलं गं." विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दर वेळी एकच नोंद: कर्नल-पॉवर, ४१. मशीन रीतसर शटडाउन न होता बंद पडलं, एवढंच ही नोंद सांगते. का पडलं ते सांगत नाही. आम्ही आधी रॅमवर संशय घेतला, रॅममधल्या चुका शोधणारा मेमटेस्ट रात्रभर चालवला. एकही चूक नाही. प्रोसेसरचं तापमान पाहिलं, ठीक. विंडोज नव्याने टाकलं. यात तीन आठवडे गेले. शेवटी माझ्या मशीनमधला एसएमपीएस काढून त्याच्या मशीनला लावला, आणि रीस्टार्ट थांबले ते थांबलेच.

मग त्याच्या जुन्या एसएमपीएसचं स्टिकर उजेडात नेऊन वाचलं. वर ठळक अक्षरांत ५०० वॉट. खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात २४ अँपिअर. बारा गुणिले चोवीस, म्हणजे २८८ वॉट. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज याच १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात. बाकीचे वॉट ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनवर दाखवून बेरीज फुगवलेली होती. एसएमपीएस घेताना हा एक गुणाकार कराच. चांगल्या एसएमपीएसमध्ये १२ व्होल्टच्या लाइनचे वॉट एकूण वॉटच्या अगदी जवळ असतात.

‘८० प्लस’चं चिन्ह पाहून निश्चिंत होणारेही बरेच. ते चिन्ह कार्यक्षमतेचं आहे: भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती आत पोचते आणि किती उष्णता होऊन वाया जाते, एवढंच ते सांगतं. लोड अचानक वाढला तर व्होल्टेज किती हलतं, शॉर्ट झाल्यास एसएमपीएस स्वतःहून बंद होतो का, १२ व्होल्टच्या लाइनवरचा रिपल (व्होल्टेजमधली बारीक थरथर) एटीएक्स या एसएमपीएसच्या मानकाने घालून दिलेल्या १२० मिलिव्होल्टच्या आत राहतो का, हे त्या चिन्हावरून कळत नाही. त्यासाठी त्या मॉडेलची उघडून केलेली चाचणी शोधून वाचावी लागते.

मोठा एसएमपीएस घेतला की विजेचं बिल वाढतं, अशी एक पुस्तीही मजकुराला जोडलेली आहे. मशीनला २०० वॉट लागत असतील तर एसएमपीएस तेवढेच देतो. ९० टक्के कार्यक्षमतेचा असेल तर भिंतीतून साधारण २२२ वॉट घेतो. डब्यावर ५५० लिहिलेले असोत की ८५०, हिशोब फारसा बदलत नाही.

यूपीएस वापरत असाल तर आणखी एक गोष्ट. वीज गेल्यावर साधा यूपीएस बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद घेतो. तेवढा वेळ मशीन एसएमपीएसच्या कपॅसिटरवर तग धरतं. एटीएक्सच्या मार्गदर्शिकेत हा वेळ साधारण १६-१७ मिलिसेकंद धरलेला आहे. कपॅसिटरमध्ये काटकसर केलेला एसएमपीएस तेवढा टिकत नाही, आणि यूपीएस असूनही मशीन बंद पडतं. दोष मात्र यूपीएसवर जातो.

आणि कळकळीने सांगते, मॉड्युलर, म्हणजे सुट्या केबलचा, एसएमपीएस बदलताना जुन्याच्या केबल नव्याला लावू नका. प्लग बसतो, पण एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची रचना प्रत्येक कंपनीची, कधी कधी प्रत्येक मॉडेलचीही, वेगळी असते. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की हार्ड डिस्क त्याच क्षणी जाते, आणि तिच्यावरचा डेटाही.

‘कोअर जितके जास्त, तितकं काम झटपट’

हे कामावर अवलंबून आहे, आणि कसं ते संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच मांडून ठेवलंय. समजा एका कोअरवर शंभर मिनिटांचं काम आहे. त्यातली साठ मिनिटं कोअरमध्ये वाटून देता येतात. उरलेल्या चाळीस मिनिटांचं काम एकापाठोपाठ एकच व्हावं लागतं. आठ कोअर लावले तर साठाचे साडेसात होतात, एकूण साडेसत्तेचाळीस मिनिटं. सोळा कोअर लावले तर पावणेचव्वेचाळीस. म्हणजे कोअर दुप्पट करून वाचली पावणेचार मिनिटं. त्याऐवजी आठच कोअरचा, पण प्रत्येक कोअर २० टक्के वेगवान असलेला प्रोसेसर घेतला, तर तेच काम चाळीस मिनिटांच्या आत संपतं.

थ्रीडी रेंडरिंग, व्हिडिओ एन्कोडिंग, मोठ्या प्रोजेक्टचं कंपायलिंग अशा कामांत वाटून देता येणारा भाग फार मोठा असतो. तिथे सोळा कोअर खरोखर कमाई करतात, आणि तिथे मजकुराचा सल्ला बरोबर आहे. पण एक्सेलचे मॅक्रो एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर, चालतात. कॅडमधलं नेहमीचं ड्रॉइंग बहुतांशी एकाच कोअरवर चालतं. पुस्तकाच्या मांडणीतही मजकूर एका पानावरून दुसऱ्या पानावर वाहतो, तेव्हा आधीचं पान ठरल्याशिवाय पुढचं ठरत नाही.

तुमचं काम कुठल्या जातीचं, हे कुणाला विचारायची गरज नाही. सध्याच्या मशीनवर टास्क मॅनेजर उघडा, सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करून प्रत्येक लॉजिकल प्रोसेसरचा वेगळा आलेख लावा आणि तुम्हाला थांबायला लावणारं काम सुरू करा. सगळे चौकोन भरले तर कोअर वाढवा. एखाददुसराच वर-खाली होत असेल, तर कोअर वाढवून उपयोग नाही.

शिवाय डब्यावरच्या वॉटवरून कूलर ठरवू नका. कोअर आय९-१३९००के वर १२५ वॉट लिहिलेलं असतं, पण पूर्ण जोरात त्याची मर्यादा २५३ वॉट आहे. रायझन ९ ७९५०एक्स वर १७०, प्रत्यक्षात २३०. एवढी उष्णता छोट्या कूलरला काढता आली नाही की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो, आणि ज्या वेगासाठी पैसे मोजले तो दहा मिनिटांत निघून जातो.

‘रॅमची एकच स्टिक घ्या, डीडीआर५ आपोआप ड्युअल चॅनलच असते’

या मुद्द्यात अर्धवट माहिती आहे, म्हणून तो पटतो. चॅनल म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधली वाट. डीडीआर५ या रॅमच्या नव्या पिढीच्या एका स्टिकवर दोन उपचॅनल असतात हे खरं. पण ते ३२-३२ बिटांचे. दोन्ही मिळून होतात ६४ बिट, म्हणजे डीडीआर४ च्या एका स्टिकएवढेच. डीडीआर५-५६०० ची एक स्टिक सेकंदाला ४४.८ जीबी देऊ शकते, दोन स्टिक दोन चॅनलवर लावल्या तर ८९.६. प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स वापरणाऱ्यांना हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण त्या ग्राफिक्सची मेमरी म्हणजे हीच रॅम.

‘दुसरी पुढे बघू’ म्हणताना पुढे तीच स्टिक मिळेल हेही गृहीत धरलेलं असतं. नाव तेच असलं तरी आतल्या चिप बदललेल्या असू शकतात. दोन घेऊन पुढे आणखी दोन घालण्याचा बेतही डीडीआर५ मध्ये जपून करावा लागतो: रायझन ७००० साठी एएमडीने दिलेला अधिकृत वेग दोन स्टिकना ५२०० आहे, चार लावल्या की ३६००. म्हणून पुढच्या तीन-चार वर्षांची गरज आजच ओळखा, आणि एका पॅकमधल्या दोन स्टिक घ्या. चार स्लॉटच्या बोर्डवर बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या. मॅन्युअल बघून खात्री करा.

नवी डीडीआर५ लावल्यावर पहिल्यांदा मशीन चालू केलं की पंखे फिरतात, स्क्रीन काळाच. बोर्ड त्या वेळी रॅमशी जुळवून घेत असतो, आणि त्याला कधी कधी काही मिनिटं लागतात. घाबरून पॉवरचं बटण दाबू नका, थांबा.

ज्यांचं काम हिशोबाचं, संशोधनाच्या आकड्यांचं, त्यांनी ईसीसी, म्हणजे चुका ओळखून दुरुस्त करणाऱ्या, रॅमचाही विचार करावा. गूगलच्या सर्व्हरवरच्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षाला ८ टक्क्यांहून जास्त मेमरी मॉड्यूलमध्ये चुका आढळल्या होत्या. डीडीआर५ च्या चिपमध्ये अंतर्गत चूकदुरुस्ती असते, पण ती चिपच्या आतल्याआतच; प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक तिला दिसत नाही. खऱ्या ईसीसीसाठी प्रोसेसर, बोर्ड आणि स्टिक या तिघांचीही साथ लागते.

‘एसएसडी डब्यावरचा आकडा बघून घ्या’

तो आकडा एकसलग मोठी फाइल वाचण्याचा असतो. रोजच्या कामात मशीन हजारो बारीक तुकडे एकेक करून वाचतं, आणि त्या कामात सात हजार एमबीची जाहिरात करणारी डिस्कही बहुधा सेकंदाला शंभर एमबीच्या आतच असते. म्हणून साध्या कार्यालयीन कामात तिसऱ्या आणि पाचव्या पिढीच्या एनव्हीएमई (जलद जातीच्या एसएसडी) यांमधला फरक जाणवत नाही.

आकडा सांगत नाही ती गोष्ट लिहिण्याची. स्वस्त डिस्कमध्ये क्यूएलसी चिप असतात, एका सेलमध्ये चार बिट कोंबलेल्या. सुरुवातीचा डेटा त्या एका जलद कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या जागेत, घेतात. कॅश भरली की वेग कोसळतो, काही डिस्कमध्ये अगदी शंभरेक एमबीपर्यंत. शूटिंगचे दोनशे जीबी एकदम उतरवणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी भोवतं. टीएलसी (एका सेलमध्ये तीनच बिट) घ्या आणि टीबीडब्ल्यूचा, म्हणजे डिस्कवर एकूण किती टीबी लिहिता येतील याच्या हमीचा, आकडा वाचा. १ टीबीच्या चांगल्या टीएलसी डिस्कला तो साधारण ६०० असतो.

‘मदरबोर्डमुळे वेग वाढत नाही’

वाढत नाही, कबूल. पण कमी होऊ शकतो. प्रोसेसरला वीज पुरवणारे व्हीआरएम कमकुवत आणि त्यांच्यावर उष्णता काढून घेणारी धातूची हीटसिंकही नाही, अशा बोर्डवर मोठा प्रोसेसर लावला की लांबलचक रेंडरमध्ये व्हीआरएम तापतात आणि प्रोसेसरला खाली खेचतात. मध्यम प्रोसेसरला साधा बोर्ड पुरतो, तिथे उगाच खर्च करू नका.

बोर्ड निवडताना मॅन्युअल आधी उतरवून घ्या आणि एम.२ (एसएसडी थेट बोर्डवर बसवायचे स्लॉट) च्या तक्त्याखालच्या तळटिपा वाचा. ‘या स्लॉटमध्ये डिस्क लावल्यास सॅटाचे अमुक दोन पोर्ट बंद होतील’ अशी ओळ तिथे बऱ्याचदा असते; सॅटा म्हणजे केबलने जोडायच्या डिस्कचे पोर्ट. ती न वाचल्यामुळे चालू हार्ड डिस्क अचानक ‘गेली’ म्हणून रडकुंडीला आलेली माणसं मी पाहिली आहेत.

‘ग्राफिक्स कार्ड हवंच’

लिखाण, हिशोब, कोडिंग, फोटोंचं साधं काम यांना नको. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुरतं. फक्त इंटेलच्या नावापुढे ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं, हे लक्षात ठेवा. कॅमेऱ्यातून येणाऱ्या १० बिट ४:२:२ एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवण्याची एक पद्धत) व्हिडिओचं तर उदाहरणच उलटं आहे: इंटेलचं आतलं ग्राफिक्स ते अकराव्या पिढीपासून हार्डवेअरवर उलगडतं, एनव्हिडियाच्या कार्डांना ते आरटीएक्स ५० मालिकेत जमलं. रेंडरिंग किंवा घरच्या मशीनवर एआय मॉडेल चालवायची असतील तर कार्ड घ्याच, आणि तेव्हा आधी त्याची मेमरी बघा.

‘चालत्या बायोसला हात लावू नका’

हा सल्ला एके काळी बरोबर होता. अपडेटच्या मध्येच वीज गेली तर बोर्ड कामातून जायचा. आजही ती भीती अगदीच गेलेली नाही, म्हणून यूपीएसवर असतानाच अपडेट करा. पण हात न लावण्याची किंमत २०२४ मध्ये दिसली. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होत होते. ते गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि त्याने कायमची झीज होत होती. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ०x१२९ हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा संच) दिला, पुढे ०x१२बी आला, आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. हे मायक्रोकोड लोकांपर्यंत पोचले ते मुख्यतः बोर्डच्या बायोस अपडेटमधून. झालेली झीज त्याने भरून येत नाही, पुढची थांबते. त्या पिढीचं मशीन तुमच्याकडे असेल आणि बायोस ऑगस्ट २०२४ च्या आधीचं असेल, तर आजचं काम सेव्ह करा, बॅकअप घ्या आणि आधी तो अपडेट करा.