चित्रं माझी, मग नाव कुठंय?

तळपायाची आग मस्तकात गेलीय. मुलांचं 32 पानी पुस्तक, दर पानाला मजकूर तीन-चार ओळी, बाकी सगळं चित्र. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव ठसठशीत, प्रकाशनाचं बोधचिन्हही आहे. चित्रकार? आत, मुद्रकाच्या पत्त्याखाली, भिंग लावून वाचावं लागेल अशा टायपात. तिथंही आडनाव चुकवलंय.

गोष्ट ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्याची, म्हणजे फ्लेमिंगोची. लेखकानं लिहिलंय, 'रोहित चिखलात उभा होता.' बस्स. तो कसा उभा होता, हे मी ऐरोलीला खाडीकाठी उन्हात बसून, स्केचबुकं भरून शोधलं. त्याचा उलटा वाकलेला 'गुडघा' हा खरं तर घोटा असतो, गुडघा वर पिसांत दडलेला. खाताना तो डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतो. लहान पक्षी गुलाबी नसतात, करडे असतात. हे चुकलं तर पोरांच्या डोक्यात कायमचा चुकीचा पक्षी बसतो. रफ, म्हणजे कच्चं रेखाटन, मंजूर झालं, रंगकाम संपलं आणि मग प्रकाशनाकडून फोन : "मॅडम, पाय उलटे वाटतायत, सरळ करून द्या ना, पाच मिनिटांचं तर काम." भांडले, पण पाय बदलू दिले नाहीत.

आणि नौपाड्यातल्या प्रकाशन समारंभात व्यासपीठामागे केवढा तरी फ्लेक्स. त्यावर माझाच रोहित. त्याच्यासमोर लेखकाला शाल-श्रीफळ, पाहुण्यांना गुच्छ, ध्वनिव्यवस्थेवाल्याचेही नाव घेऊन आभार. चित्रांबद्दल एक शब्द नाही!

विचारलं तर म्हणे, "पैसे मिळाले ना तुम्हाला?" मिळाले. एकरकमी, दहादा फोन केल्यावर, 10 टक्के टीडीएस कापून. लेखकाला आवृत्तीगणिक रॉयल्टी, मला काही नाही. मग निदान नाव तरी द्या! आम्हाला पुढचं काम नावावरच मिळतं.

वर ऐकवतात, "मुखपृष्ठावर चित्रकाराचं नाव टाकायची आपल्याकडे पद्धत नाही." दीनानाथ दलालांची, मुळगावकरांची मुखपृष्ठं काढून बघा. सही चित्रातच असायची आणि लोक ती सही बघून दिवाळी अंक उचलायचे. माझी कोपऱ्यातली सही मात्र यांच्या डिझायनरनं 'बारकोडला जागा हवी' म्हणून पुसली. कॉपीराइट कायदा 1957 चा, त्यातलं कलम 57 वाचा. हक्क विकून टाकले तरी चित्र आपलं आहे हे सांगण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो. मी मेहेरबानी मागत नाहीये.

आता दुसरी आवृत्ती निघतेय आणि यांना लेयर्सची, म्हणजे चित्राचे थर सुटे असलेली, मूळ फाइल हवीय, तीही आजच्या आज. मुखपृष्ठावर लेखकाच्या नावाखाली माझं नाव टाकून आधी प्रूफ पाठवा. ते बघितल्याशिवाय फाइल मिळणार नाही.