दिल्लीची क्यू ७ स्वस्त का असते

जुन्या गाड्यांवरच्या एका लेखात म्हटलंय, आठ वर्षांची डिझेल ऑडी क्यू ७ नव्या क्रेटाच्या किमतीत मिळते, म्हणजे सौदा झकास. गाडी दिल्लीची असेल तर स्वस्ताईचं कारण सरळ आहे: तिथे डिझेल गाड्यांवर १० वर्षांच्या मर्यादेची टांगती तलवार राहिलीय. महाराष्ट्रात आणायची तर मूळ आरटीओची एनओसी म्हणजे ना-हरकत दाखला (फॉर्म २८) हवा, गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा बँकेचा फॉर्म ३५, आणि इथला रोड टॅक्स वेगळा. तो हिशेबात धरूनच भाव करा.

एअर सस्पेन्शन (लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या, म्हणजे एअर स्प्रिंग) असेल तर त्यातली गळती टेस्ट ड्राइव्हमध्ये सहसा कळत नाही. संध्याकाळी सपाट जागी गाडी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंत टेप लावा. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी, दारही न उघडता, पुन्हा मोजा. एकच कोपरा बसला असेल तर बहुधा तिथली एअर स्प्रिंग गळतेय. गळती भरून काढायला हवा भरणारा कॉम्प्रेसर सतत पळतो आणि शेवटी तोही जळतो, म्हणून नुसता कॉम्प्रेसर बदलून विकलेली गाडी जास्त संशयास्पद.

सनरूफच्या पाणी निघायच्या नळ्या तुंबल्या की पाणी कार्पेटखाली मुरतं. मॅट नव्हे, कार्पेट उचलून हात घाला. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, चिखलाची रेघ दिसली तर गाडी बहुधा पुरात बुडालेली, पुढे बोलूच नका. गिअरबॉक्स ऑइल ‘लाइफटाइम’ आहे, कधी बदलायला नको, हे डीलरचं पालुपद. गिअरबॉक्स बनवणारी कंपनी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किमीला बदला म्हणते. ते बदलल्याचं बिल मागा.